पहूर ते अजिंठा : दोन मनगटांवरची दोन अत्तरे

जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालेल्या माणसाला पहूर चुकत नाही. जामनेर तालुक्यातील हे गाव चौफुलीवर वसले आहे. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मोठा रस्ता येथून जातो आणि पाचोरा-शेंदुर्णीकडून जामनेरला जाणारा रस्ता त्याला येथेच भेटतो. त्यामुळे पहूरच्या थांब्यावर मुक्कामाला उतरणाऱ्यांपेक्षा गाडी बदलणारेच जास्त दिसतात. गाव एक, पण नावे दोन : पहूर पेठ आणि पहूर कसबे. दोन्हींच्या ग्रामपंचायती वेगळ्या. बाहेरच्या माणसाला एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते ते कळत नाही. गावच्या माणसाला मात्र ते पक्के ठाऊक असते.

जुन्या माणसांना पहूर म्हटले की पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे आठवते. तिला सगळे 'पी. जे.' म्हणत. पाचोऱ्याहून निघालेली ही गाडी शेंदुर्णी, पहूर करीत जामनेरला पोचे. सुमारे छप्पन्न किलोमीटरच्या त्या वाटेवर शेतमजूर, विद्यार्थी, दूधवाले, बाजारकरी अशा गरिबांनीच ती भरलेली असे. २०२० साली टाळेबंदीत ती थांबली आणि पुढे मार्ग रुंद करण्याचे काम निघाले. गावाजवळून वाहणारी वाघूर नदी मात्र जुनीच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखाली घोड्याच्या नालासारखे वळण घेणारी नदी ती हीच. म्हणजे पहूरकर ज्या नदीचे पाणी पाहतात, तिनेच आधी भिक्खूंचे विहार पाहिलेले असतात.

अशा या पहूरच्या थांब्यावर दोन अत्तरांतून एक निवडण्याचा प्रसंग आला. गोष्ट लहान होती. पण ती निवडायला आम्हाला एक अख्खा दिवस लागला.

हिवाळ्याचे दिवस होते. आम्ही नवरा-बायको आणि आमची मोठी मुलगी जळगावहून निघालो होतो. आत्या जामनेरकडून येणार होती. पहूरला भेटायचे आणि पुढे लेण्यांना एकत्र जायचे, असे ठरले होते. आत्याने तीस वर्षे सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी केली. त्या पगारातून तिने भावंडांची शिक्षणे केली, दोन भाच्यांची लग्ने केली, आमच्या घरात पहिले शिलाई यंत्र आणले. प्रत्येक सणाला ती सगळ्यांना काही ना काही घेते. स्वतःसाठी तिने औषध आणि चपला यांखेरीज काही विकत घेतल्याचे आम्हाला आठवत नाही. त्या दिवशी मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "मले एक अत्तर घ्यायचं आहे. मह्यासाठी."

थांब्याच्या कडेला एक म्हातारे चाचा लाकडी पेटी घेऊन बसले होते. पेटीत बोटाएवढ्या कुप्या ओळीने लावलेल्या होत्या. आत्याने त्यांना सांगितले, "लई उग्र नको. फुलांचाबी नको. अंगाले पावडर लावल्यावानी मऊ पाहिजे." चाचांनी पेटीतून दोन कुप्या वेगळ्या काढल्या. एकीवर 'व्हाइट मस्क' अशी चिठ्ठी होती, दुसरीवर 'मुश्क हिना'. पहिली पाण्यासारखी स्वच्छ, दुसरी मधाच्या रंगाची. बुचे उघडून आम्ही आळीपाळीने वास घेतला. दोन्ही मऊ, दोन्ही पावडरी, दोन्हींच्या तळाशी कस्तुरीची तीच ऊब.

"दोन्ही एकच तं आहे रे भाऊ," आत्या म्हणाली. मग कुपी खाली ठेवून तिने चाचांना विचारले, "याच्यात हरणाले मारेल आहे का? असंल तं नको मले."

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट देऊ. खरी कस्तुरी हिमालयात राहणाऱ्या कस्तुरीमृगाच्या नराजवळ असते. त्याच्या बेंबीजवळच्या ग्रंथीत ती तयार होते. एका नरापासून सुमारे पंचवीस ग्रॅम कस्तुरी मिळते, आणि तेवढ्यासाठी शेकडो वर्षे या मुक्या प्राण्याची शिकार झाली. मादीजवळ कस्तुरी नसते. तरी सापळ्यात मादी आणि पाडसेही मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात या मृगाला संरक्षण दिले. त्याची शिकार आणि कस्तुरीचा व्यापार हा गुन्हा आहे. पहिले शील पाळणाऱ्याला कायद्याचीही गरज नाही, पण कायदा आहे हे चांगलेच आहे.

चाचा हसून म्हणाले, "बहनजी, कस्तुरी आता कोण विकतो? विकली तर जेलात जावे लागते. हा नुसता वास आहे, हरीण जंगलातच आहे."

त्यांचे म्हणणे खरे होते. १८८८ साली आल्बर्ट बाऊर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्फोटक द्रव्यांवर काम करीत असताना त्याच्या हाती कस्तुरीसारखा वास येणारा एक पदार्थ लागला. माणसे मारण्याच्या सामानाचा शोध चालू होता आणि त्यातून हरीण वाचवणारी वस्तू निघाली. पुढे लिओपोल्ड रुझिच्का या शास्त्रज्ञाने १९२६ साली खऱ्या कस्तुरीतील मुख्य गंधद्रव्याची रचना उलगडली. १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा तो एक मानकरी होता. आज बाजारात 'मस्क' म्हणून जे मिळते ते बहुतेक सारे प्रयोगशाळेतले असते. वनस्पतीतही हा वास आहे. आपल्या भेंडीच्या कुळातील कस्तुरभेंडी नावाचे झुडूप आहे. तिच्या बियांना मुष्कदाणा म्हणतात. त्या चोळल्या की कस्तुरीसारखा मंद वास येतो.

आत्याचे समाधान झाले. पण दोन्हींतील कोणते, हा प्रश्न उरलाच. चाचांनी तो फार सोप्या रीतीने सोडवला. त्यांनी काडीच्या टोकाने आत्याच्या डाव्या मनगटावर व्हाइट मस्कचा आणि उजव्यावर मुश्क हिनाचा एकेक ठिपका लावला. आत्या सवयीने मनगटे एकमेकांवर घासणार, तोच त्यांनी तिला थांबवले. "घासू नका. दोन्ही एक होऊन जातील. लेण्या पाहून या, संध्याकाळी सांगा. मी इथेच आहे." विक्रेत्याने गिऱ्हाइकाला न विकता पाठवून द्यावे, हे आम्ही प्रथमच पाहिले.

पहूरहून फर्दापूरचा रस्ता साधारण अर्ध्या तासाचा. दोन्ही बाजूंना कापूस वेचणीला आला होता. वेचणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या दिसत होत्या. समोर अजिंठ्याची डोंगररांग हळूहळू वर येत होती. गाडीत आमची मुलगी दर पाच मिनिटांनी आत्याचा एक हात नाकाशी नेई आणि मग दुसरा. "सारखेच आहे," ती म्हणे. थोड्या वेळाने तिला काहीच कळेना. हे नाकाचे नेहमीचेच आहे. तोच वास पुन्हा पुन्हा घेतला की नाक त्याची दखल घेणे सोडून देते. दुकानात दहा कुप्या हुंगून गोंधळलेली माणसे आपण पाहतो, ती यामुळेच. अशा वेळी थोडा वेळ मोकळी हवा घ्यावी आणि दोनपेक्षा अधिक वास एका वेळी तपासू नयेत.

तेवढ्यात मुलीने विचारले, पावडरीचा वास म्हणजे नेमका कशाचा? प्रश्न चांगला होता. पावडर ज्यापासून करतात त्या शंखजिऱ्याला स्वतःचा असा वास नसतो. युरोपात पूर्वी केसांच्या आणि तोंडाच्या पावडरीत आयरिस या फुलझाडाची वाळवलेली मुळे दळून घालत. व्हॅनिलासारखी गोडसर द्रव्येही अशा पावडरीत आली. तोच मऊ, कोरडा, गोडसर वास पावडरीला चिकटला आणि लोक त्यालाच पावडरीचा वास म्हणू लागले. आपल्या घरी बाळाला न्हाऊ घालून पावडर लावली की जो वास येतो, तो पुढे आयुष्यभर मायेचा वास होऊन बसतो. त्यात कस्तुरीगंध मिसळला की दोन अत्तरांतील फरक ओळखणे आणखी अवघड होते. कस्तुरीगंधांचे रेणू मोठे असतात आणि हळूहळू उडतात. लिंबू-संत्र्याचा वास काही मिनिटांत निघून जातो, कस्तुरीचा दिवसभर रेंगाळतो. म्हणूनच अशा अत्तरांचा निकाल पहिल्या हुंगण्यावर लावू नये. त्यांचे खरे रूप दोन-तीन तासांनी दिसते.

फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी सोडून आम्ही लेण्यांच्या बसमध्ये बसलो. खासगी वाहने पुढे नेऊ देत नाहीत, ते चित्रांच्या दृष्टीने योग्यच आहे. पायऱ्या चढताना ऊन लागू लागले. आत्याला घाम आला आणि अत्तरांनी आपापला रंग दाखवायला सुरुवात केली.

सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात आम्ही बराच वेळ थांबलो. तेथील भिंतीवर आरशात पाहून शृंगार करणारी एक राजस्त्री रंगवलेली आहे. शेजारी दासी प्रसाधनाचे सामान घेऊन उभी आहे. आत्या त्या राजस्त्रीकडे थोडा वेळ आणि दासीकडे जास्त वेळ पाहत राहिली. याच लेण्यात पाचव्या शतकातील एक शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील तो लेख. दान देणाऱ्याने पश्चिमेकडे एक मोठी गंधकुटी खोदवली, असे त्यात सांगितले आहे. अभ्यासक हे वर्णन जवळच्याच एकोणिसाव्या लेण्याला लावतात.

गंधकुटी हा शब्द आपल्या वाचकांना नवा नसावा. श्रावस्तीला अनाथपिंडिकाने दिलेल्या जेतवनात तथागत ज्या कुटीत राहत, तिला गंधकुटी म्हणत. दर्शनाला येणारे लोक फुले आणि सुगंध आणीत, त्यावरून ते नाव पडले. पुढे विहारात बुद्धमूर्तीसाठी केलेल्या दालनालाही तेच नाव मिळाले. धम्मपदात पुष्पवग्ग नावाचा एक स्वतंत्र भागच आहे. त्यात चंदन, तगर, कमळ यांची नावे घेऊन शीलाचा सुगंध त्यांहून थोर असल्याचे सांगितले आहे. पण ज्याने ही तुलना केली, त्याला त्या सुगंधांची पारख होती आणि त्यांचा तिटकारा नव्हता, हेही आपण लक्षात घ्यावे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारे उपासक-उपासिका माळा, गंध, विलेपन वर्ज्य करतात. आत्याही वर्षावासातील पौर्णिमांना ते पाळते. म्हणून तर तिने अत्तराचे नाव काढले तेव्हा प्रथम पौर्णिमा नाही ना, ते पाहिले होते.

एकोणिसाव्या लेण्यातील स्तूपासमोर आम्ही वंदन केले. आत धूप-अगरबत्ती लावायची नसते, धूर त्या जुन्या दगडाला आणि चित्रांना सोसत नाही. दगडाचा आणि ओलाव्याचा थंड वास तेवढा होता. अशा जागी नाक पुन्हा ताजे होते. बाहेर झाडाखाली बसून आम्ही डबे उघडण्याआधी आत्याच्या दोन्ही मनगटांचा वास घेतला, आणि तेव्हा फरक स्पष्ट झाला.

डावे मनगट धुऊन उन्हात वाळवलेल्या कपड्यासारखे येत होते. उजव्या मनगटावरची पावडर तशीच होती. पण तिच्या खालून दगडफूल, जटामांसी, जायफळ, वाळा असे काहीतरी वर आले होते. यालाही कारण आहे. हिना म्हटले की आपल्याला मेंदी आठवते. मेंदीच्या फुलांच्या अत्तराला गुलहिना म्हणतात. नुसते हिना किंवा शमामा म्हणून जे अत्तर येते, ते मात्र अनेक मुळे, साली आणि मसाल्यांचे असते. उत्तर प्रदेशातील कनौज हे त्याचे जुने घर. तेथे तांब्याच्या देगमध्ये जिन्नस पाण्यात उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तेथील चंदनाच्या तेलात मुरते. चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी स्वस्त तेल वापरतात. थांब्यावरच्या कुपीत कनौजचा अस्सल माल असेल असा आमचा दावा नाही. पण बनवणाऱ्याने नक्कल तरी त्याच घराण्याची केली होती.

जेवताना मतदान झाले. आमच्या मुलीचे मत व्हाइट मस्कला. सौ.चेही तेच : "हलके आहे, स्वच्छ आहे, वयाला शोभेल." आमच्यातल्या पुरुषाला दुपारनंतर डाव्या मनगटाचा वास येतच नव्हता. हेही विचित्र नाही. एखादा विशिष्ट कस्तुरीगंध काही माणसांना मुळीच जाणवत नाही, बाकी नाक कितीही तीक्ष्ण असो. त्यामुळे दुसऱ्याच्या नाकावर भरवसा ठेवून असे अत्तर घेण्यात अर्थ नसतो.

आत्याने सगळ्यांचे ऐकून घेतले. मग डावे मनगट नाकाशी नेऊन म्हणाली, "हा वास मले ठाऊक आहे. दवाखान्यात धोब्याकडून चादरी येत ना, त्याह्यची थप्पी उचलली की असाच वास ये."

तिच्या नाकाने बरोबर ओळखले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कपडे धुण्याच्या पावडरींत कृत्रिम कस्तुरीगंध घालू लागले. हे गंध पाण्याबरोबर सहज वाहून जात नाहीत, कापडाला धरून राहतात, म्हणून कारखानदारांना ते सोयीचे. होता होता लोकांना तोच स्वच्छतेचा वास वाटू लागला. खरे तर स्वच्छ कापडाला वास नसतो.

"तीस वर्सं मी सोच्छतेचाच वास घेतला," आत्या पुढे म्हणाली. "धुयेल चादरी, पुसेल फरशी. हाताचं फिनेल जाता जात नव्हतं. आता अजून सोच्छ काबरं व्हायचं मी? हा दुसरा वास माह्या मायचा आहे. ती मसाला कुटायची, तवा तिच्या पदराले असा वास राहे."

आम्ही कोणी काही बोललो नाही. आपल्या समाजाला या बोलण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांनाच वासावरून हिणवले गेले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचे काम आणि मांस सोडण्यास सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्त्रियांना स्वच्छ आणि नीटनेटके राहण्याचा उपदेश केला. आपल्या आयाबहिणींनी तो मनावर घेतला. फाटके लुगडे असले तरी ते धुतलेले असे. स्वच्छता त्यांनी कष्टाने कमावली आणि पुष्कळजणींनी दुसऱ्यांची स्वच्छता करून घरे चालवली. अशा बाईने साठी ओलांडल्यावर स्वच्छतेच्या पलीकडचा एखादा वास केवळ आवडतो म्हणून मागावा, हा तिचा हक्कच आहे. तिला काय शोभते ते ठरवण्याचे काम आमचे नाही.

संध्याकाळी पहूरला उतरलो तेव्हा चाचा पेटी आवरत होते. आत्याने उजवा हात पुढे केला. त्यांनी मान हलवली आणि मुश्क हिनाची पाव तोळ्याची, म्हणजे तीन मिलिलिटरची, कुपी कागदात बांधून दिली. आम्ही पैसे काढू लागलो तर तिने आमचा हात बाजूला केला. पेन्शनचे पैसे तिने रुमालाच्या गाठीतून मोजून दिले. मग ती जामनेरच्या गाडीत बसली आणि आम्ही जळगावच्या.

अत्तर घेणाऱ्या वाचकभगिनींसाठी चार गोष्टी येथे सांगून ठेवतो. दोन सारखे वास असतील तर बुचावरून ठरवू नका, दोन मनगटांवर लावा आणि निदान दोन-तीन तास थांबा. अंगाला खाज किंवा लाली येते का ते पाहा. विशेषतः उन्हात जाणार असाल तर आधी थोडेसेच लावून पाहावे. पहिल्यांदा लहान कुपीच घ्या. त्वचेला सोसत नसेल तर कापसाचा फाया करून पदरात किंवा कपड्यांच्या पेटीत ठेवा. आणि कोणी विचारल्याखेरीज दुसऱ्याच्या अत्तराला मत देऊ नका. घरातल्या मोठ्या बाईला भेट द्यायची असेल तर तिला सोबत न्या आणि तिच्या दोन्ही मनगटांना पुरेसा वेळ द्या.